रिकामं सॉकेट भरावं की आहे तोच प्रोसेसर बदलावा?

दोन सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा सर्व्हर आहे, आत एकच प्रोसेसर आहे आणि त्याचे कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) कमी पडू लागलेत. मग रिकाम्या सॉकेटमध्ये जोडीदार बसवायचा, की जुना काढून जास्त कोरचा आणायचा? माझ्याकडे अशी दोन सारखी यंत्रं होती. एकावर पहिला उपाय केला, दुसऱ्यावर दुसरा. दोन्ही नीट चालतात, त्यामुळे नावं कुणालाच ठेवत नाही.

मुळात दोन्हींत इंटेलचा झिऑन सिल्व्हर ४११० होता, ८ कोरचा. एकात दुसरा ४११० घातला, दुसऱ्यात त्याच्या जागी १६ कोरचा गोल्ड ५२१८. कोरांची बेरीज दोन्हीकडे १६.

जोडीदाराबरोबर त्याचा हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) आला, आणि एका प्रोसेसरच्या मांडणीत कंपनीने रिकामे सोडलेले फॅनचे कप्पेही भरावे लागले. मॉडेल तंतोतंत तेच हवं, ही अट वेगळीच. ५२१८ ला फॅन होते तेच पुरले. फक्त ८५ वॉटवरून १२५ वर जाताना जुना हीटसिंक चालतो का, हे सर्व्हरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावं लागलं. पॉवर सप्लायचं गणित दोन्हीकडे सारखंच: दोन सप्लायपैकी एकट्याने सगळा भार पेलायला हवा, नाहीतर दुसरा असून नसल्यासारखा.

माझा खरा वैताग होता रॅमचा. या पिढीत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे ६ चॅनेल (मेमरीकडे जाण्याच्या वाटा) असतात आणि ते त्याचे स्वतःचे असतात. माझ्या ६ पट्ट्या पहिल्या प्रोसेसरकडे एका चॅनेलला एक अशा बसल्या होत्या. दुसरा आला की त्याच्या बाजूचे सगळे स्लॉट रिकामे. तीन-तीन वाटल्या तर दोघांचेही निम्मे चॅनेल वाया जातात, म्हणून तशाच आणखी ६ शोधत बसलो. त्या मिळाल्या, पण एका घरात दोन चुली मांडल्यासारखं झालं. डेटाबेसचं मोठं व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) दोन्ही प्रोसेसरांवर पसरायचं आणि पलीकडची, उशिरा हाती येणारी मेमरी मागत राहायचं. तोच रिपोर्ट एके दिवशी झटकन यायचा, दुसऱ्या दिवशी रेंगाळायचा. त्या मशीनला कमी कोर देऊन एकाच बाजूला बसवलं तेव्हा लहरीपणा बराच कमी झाला. पण मग दुसरा प्रोसेसर त्या डेटाबेसच्या काय कामाचा? ५२१८ वर हा प्रश्नच आला नाही. शिवाय ४११० चा टर्बो, म्हणजे गरजेला गाठायचा कमाल वेग, ३.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ५२१८ चा ३.९ पर्यंत. एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालणाऱ्या कामांना जोडीदाराचा काडीचा उपयोग नाही.

परवान्यांचंही बघा. विंडोज सर्व्हरला २०१६ च्या आवृत्तीपासून किमान १६ कोर मोजतात, तिथे दोन्ही बरोबरीत. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या कोरनिहाय सबस्क्रिप्शनमध्ये मात्र प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोर धरतात. म्हणजे ८ अधिक ८ चे भरायचे ३२!

अर्थात तुमची अडचण कोरांची नसून स्लॉटची असेल, तर माझं ऐकू नका. रॅमचे निम्मे स्लॉट आणि बहुधा एखादा रायझर (जास्तीची कार्डं बसवायची पाटी) दुसऱ्या प्रोसेसरशिवाय जिवंतच होत नाही. भरपूर रॅम किंवा आणखी नेटवर्क कार्डं हवी असतील, तर जोडीदार आणण्यावाचून गत्यंतर नाही. छोटी छोटी व्हर्च्युअल मशीन खूप असतील तरी तो वाईट नाही.

बाकी बहुतेकांना, मला वाटतं, बदलणंच सोपं जाईल. सॉकेट तेच, एलजीए ३६४७, पण ५२१८ ही २०१९ ची पुढची पिढी. म्हणून नवा बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर आत असतानाच चढवा. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि मग यंत्र सुरूच होत नाही. टी३० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) पानाही आधीच हाताशी ठेवा, हीटसिंकचे नट साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत.