सासरचं जर्मन मूळ: नऊ महिने शोधल्यानंतरचा अनुभव

मी मूळची नाशिकची, गेली चौदा वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत. लेकीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला तेव्हा माझ्या बाजूचं काम एका फोनवर उरकलं. काकांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून उतरवून घेतलेल्या सात पिढ्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिल्या. नवऱ्याच्या बाजूला मात्र सासऱ्यांच्या आजोबांपर्यंत नावं आणि त्यावर एकच शब्द, 'जर्मनी'. घरात सांगोवांगी दोन गोष्टी चालायच्या. मूळपुरुष हॅम्बर्गचे आणि ते एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या तपासणी-केंद्रात उतरले. दोन्ही खोट्या निघाल्या.

पहिले पैसे मी चुकीच्या जागी घातले, ते आधी सांगते. एक म्हणजे थुंकी पाठवायची डीएनए चाचणी. नवऱ्याचा जर्मन वाटा साठ टक्क्यांच्या पुढे आला. पाच महिन्यांनी कंपनीने हिशोबाची पद्धत बदलली आणि तो चाळिशीत उतरला. माणूस तोच, थुंकी तीच. दुसरी एका मोठ्या वंशावळ-साइटची वार्षिक वर्गणी. तिथे रोज नवीन 'सूचना' येतात, दुसऱ्या कुणीतरी केलेल्या झाडावरून. अशाच एका झाडावरून मी आमच्या मूळपुरुषाला दोन बायका आणि पोमेरेनियात सहा मुलं देऊन बसले होते. ती काढायला एक आठवडा गेला.

खरी अडचण एकच असते: गावाचं नाव. संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जानेवारी 1876 पासून. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत, आणि त्या वह्या गावागणिक. गाव माहीत नसेल तर कितीही महागडी वर्गणी भरा, तुम्ही वेशीबाहेरच.

गाव अमेरिकेतच सापडतं, हे मला उशिरा कळलं. 1900 च्या जनगणनेत जन्मस्थान 'जर्मनी', 1880 च्या जनगणनेत 'वुर्टेम्बर्ग', म्हणजे दक्षिण जर्मनीतलं तेव्हाचं एक राज्य. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर (ही फुकट आहे) न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशांच्या यादीत 1854 सालचं जहाज मिळालं. ते फ्रान्समधल्या ल हाव्रहून निघालेलं, म्हणजे हॅम्बर्ग बाद. एलिस आयलंड 1892 ला उघडलं, म्हणजे तेही बाद. शेवटी इथल्याच एका जुन्या ल्युथरन (प्रोटेस्टंट) चर्चच्या दफन-नोंदवहीत, जर्मनमध्ये, जन्मगाव लिहिलेलं सापडलं. त्यापुढे 'ओ. आ. उराख'. हे 'ओ. आ.' म्हणजे आडनावाचा तुकडा असं समजून मी पंधरा दिवस घालवले. ते निघालं ओबरआम्ट, वुर्टेम्बर्गचा तालुका म्हणा. मग 1912 चा मायर्सचा गावकोश उघडला. तोही ऑनलाइन फुकट आहे. गाव कुठल्या तालुक्यात, तिथे चर्च होतं की शेजारच्या गावी जावं लागे, सगळं त्यात मिळतं.

इतकं झाल्यावरच आर्खिओनचा पास घेतला, आणि या सगळ्या खर्चात वसूल झालेला तेवढाच. हे प्रोटेस्टंट चर्चच्या नोंदवह्यांचं पोर्टल. पूर्वज कॅथलिक असतील तर आधी माट्रिकुला बघा, ते फुकट आहे. आर्खिओनवर नाव टाकून शोधायची सोय आहे असं समजून जाऊ नका. आधी अभिलेखागार, मग डेकानाट (चर्चचा विभाग), मग गाव, मग वही, असं उतरत जायचं आणि पानं उलटायची. घाई असलेल्यांचं हे काम नाही.

आणि पानं उलटून दिसतं काय, तर कुरेंट. जुनी जर्मन धावती लिपी. पहिल्या दिवशी मला एक अक्षर लागलं नाही. पण एक गोष्ट ओळखीची वाटली. आजोबा मोडी वाचायचे, आणि त्यांच्या मांडीवर बसून बघितलेले कागद असेच दिसायचे, हात न उचलता पळत गेलेले. छापायला बाळबोध आणि लिहायला मोडी, तसंच तिकडे छापायला फ्राक्टुर आणि लिहायला कुरेंट. जर्मनीत 1941 च्या फतव्याने ती शाळांतून गेली, त्यामुळे आजच्या बहुतेक जर्मन माणसांनाही ती वाचता येत नाही. ब्रिगम यंग विद्यापीठाचा फुकट धडा घेतला, रोज रात्री भांडी झाल्यावर अर्धा तास. ई हा एन सारखा दिसतो. यू वर छोटी चंद्रकोर असते, ती नसेल तर एन समजायचा. दोन महिन्यांनी 'वेबर' हा शब्द पहिल्यांदा आपला आपण वाचला. वेबर म्हणजे विणकर. त्या रात्री नवऱ्याला उठवून दाखवला, त्याने 'छान' म्हणून कूस बदलली.

हस्ताक्षर वाचणारं एक संगणकी साधनही वापरून पाहिलं. सलग मजकूर बरा उतरवतं, पण नावं आणि गावं यांतच घसरतं, आणि आपल्याला हवी असतात तीच. नावांचा आणखी एक घोळ: एकाच घरातले चार भाऊ, चौघेही योहान. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने.

वुर्टेम्बर्गवाल्यांचं एक भाग्य आहे. 1808 पासून तिथल्या पाद्र्यांना कुटुंबवही ठेवावी लागे. एका घराला एक पान: वर आईबाप, खाली मुलं, पुढे जन्म, लग्न, मृत्यूचे रकाने. उपाध्यायांच्या वहीला इतकी जवळची वस्तू मी दुसरीकडे पाहिली नाही. आमच्या मूळपुरुषाच्या बापाचं पान सापडलं. नऊ मुलं, त्यातली पाच लहानपणीच गेलेली. तिसऱ्याच्या पुढे शेवटच्या रकान्यात पाद्र्याने एवढंच लिहिलेलं: 'अमेरिकेस, 1854'.

का गेले, हे पानावर नाही, पण अंदाज बांधता येतो. त्या भागात जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची. गुंठ्यांची वाटणी बघत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यात 1846-47 मध्ये बटाटा कुजला. त्या एका 1854 सालात दोन लाखांहून जास्त जर्मन अमेरिकेत उतरले.

दुसरं पान मात्र अनपेक्षित होतं. मूळपुरुषाच्या बायकोच्या माहेरच्या पानावर तिच्या नावाखाली 1852 साली जन्मलेला मुलगा, 'अनौरस' म्हणून नोंदलेला. तो सासऱ्यांचा पणजोबा. लग्न झालं ते विस्कॉन्सिनात आल्यावर. मी आधी हे दडवायचंच ठरवत होते. मग वाचनात आलं की वुर्टेम्बर्गमध्ये हातात पैसा नसलेल्याला गाव लग्नाची परवानगी नाकारू शकत असे, आणि 1852 मध्येच ते नियम आणखी कडक झाले. दोघांना लग्न करायचं नव्हतं असं नाही, करू दिलं नसावं. सासऱ्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ पानाकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे बोटीवर तिघं होते." प्रवाशांची यादी परत काढली. तिघंच होते. मुलाला मी आधी शेजारच्या कुटुंबात धरलं होतं.

मैत्रिणी विचारतात, मग आता जर्मन पासपोर्ट मिळेल का? नाही. 1914 पूर्वीच्या कायद्याने दहा वर्षं परदेशात राहिलेल्याचं नागरिकत्व साधारणपणे जायचं. आणि हे निघाले तेव्हा जर्मनी नावाचा देशच नव्हता.

आज सुरुवात करायची असती तर पहिले तीन महिने एक पैसा खर्चला नसता. इथल्या चर्चच्या वह्या, थडगी, जर्मन वृत्तपत्रांतले मृत्युलेख, यातून गाव काढलं असतं, त्याच काळात कुरेंट शिकले असते, आणि मग एका महिन्याचा पास घेऊन रात्री जागवल्या असत्या. डीएनए लांबचे भाऊबंद शोधायला ठीक आहे. टक्क्यांसाठी घेऊ नका.

पास पुढच्या आठवड्यात संपतोय. अजून एक महिना वाढवते आहे, कारण वुर्टेम्बर्गात बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम 1558 चा आहे आणि मी अजून 1740 मध्येच अडकले आहे. तिथल्या पाद्र्याचं अक्षर भयंकर आहे.