सौभद्र नव्यानं बसवताना: साथीला ऑर्गन की कीबोर्ड?

जुनं संगीत नाटक नव्यानं उभं करायचं ठरलं की नेपथ्य, वेशभूषा आणि संहितेची काटछाट यांवर महिनोन्‌महिने बैठका होतात. साथीला काय घ्यायचं हे मात्र शेवटच्या पंधरवड्यात, गाडीत जागा किती उरते यावर ठरतं. हा क्रम चुकीचा आहे. सुभद्रेनं कोणत्या सुरात गायचं, तबले किती न्यायचे, वादक कुठं बसणार, माइक किती लागणार, हे सगळं त्या एका निर्णयाला बांधलेलं असतं. तालमी सुरू होण्याआधी तो घेतला नाही, तर पुढं प्रत्येक प्रयोगात त्याची किंमत मोजावी लागते.

ध्वनिमुद्रित ट्रॅकचा विचार इथं केलेला नाही. ज्या पदात नटानं एखादी जागा दोनदा घ्यावी आणि साथीदारानं ती सावरून धरावी, तिथं ट्रॅकचा उपयोग नाही. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. त्यामुळं खरी निवड दोनच वाद्यांत उरते: पायानं भाता मारायचा ऑर्गन, किंवा ऑर्गनचा आवाज लावलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड.

आधी परंपरेचा मुद्दा बाजूला ठेवू. ‘ऑर्गनशिवाय सौभद्र नाहीच’ असं आग्रहानं म्हटलं जातं, पण किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ सालचं आहे आणि ऑर्गन रंगभूमीवर रुळला तो पुढच्या पिढीत. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. त्या मंडळीच्या भरात बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी होती आणि थिरकवांचा तबला होता. म्हणजे मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं), कण (मुख्य सुराला लागलेला ओझरता सूर), गळ्यामागून सरकत जाणं, हे सारंगी सांभाळत होती. ऑर्गननं सूर भरून धरायचा होता. आज बहुतेक संस्थांना सारंगिया परवडत नाही, मिळतही नाही, आणि सारंगीचं आणि ऑर्गनचं, दोन्ही कामं एकट्या पट्टीच्या वाद्यावर येतात. तेव्हा ‘गंधर्वांच्या काळात असं होतं’ एवढ्यावर ऑर्गन घेऊ नये. आजच्या कामाला काय पुरतं ते पाहावं.

पट्टीच्या वाद्याची मूळ अडचण दोघांनाही आहे: प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाता येत नाही. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं ते याच आक्षेपावर, आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. इथं कीबोर्डचं पारडं कागदावर तरी जड आहे. चांगल्या मॉडेलात प्रत्येक सूर सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाच्या) हिशेबानं वरखाली करता येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पट्टीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो. तेवढा तो उतरवला की लांब ठेवलेल्या गंधारावर गायकाचं आणि वाद्याचं भांडण मिटतं. फक्त एक पाहून घ्यावं: ट्रान्सपोज केल्यावर, म्हणजे बटणानं सगळे सूर एकदम वर-खाली सरकवल्यावर, हा फरक नव्या षड्‌जाबरोबर सरकतो की जुन्याच पट्टीला चिकटून राहतो. काही मॉडेलांत तो चिकटून राहतो आणि मग भलताच सूर उतरलेला सापडतो. मींडेसाठी असलेलं चाक नाट्यपदात वापरू नये असं माझं मत आहे. ऑर्गनच्या आवाजाला ते चाक लावलं की सूर घसरल्यासारखा वाटतो, घेतल्यासारखा वाटत नाही.

आता सुरांचा हिशेब, कारण कीबोर्ड घेणारे बहुतेकजण ट्रान्सपोजच्या बटणावर भाळून घेतात.

सौभद्रात अर्जुन, कृष्ण, नारद एका बाजूला आणि सुभद्रा, रुक्मिणी दुसऱ्या बाजूला. पुरुष काळी एक आणि स्त्रिया काळी चार (पेटीच्या सप्तकातली पहिली आणि चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून), अशी बांधणी जमवता आली तर फार सोयीची पडते, कारण काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. काळी चारला लावलेला एकच तबला सुभद्रेला षड्‌जात आणि अर्जुनाला पंचमात चालतो. पद संपून लगेच दुसऱ्याचं पद आलं तरी तबल्याचा सूर लावायची हातोडी उचलावी लागत नाही. अर्जुनाच्या पदात पंचम वर्ज्य असेल, उदाहरणार्थ चाल मालकंसावर असेल, तर तेवढ्यापुरता काळी तीनचा, म्हणजे त्याच्या मध्यमाचा, तबला जवळ ठेवायचा. दोन-तीन तबल्यांत प्रयोग निघतो.

बटणामुळं हा शिस्तीचा आराखडा मोडतो. आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ. उद्या पाहुणा नट आहे, त्याला पांढरी दोन लागते. कीबोर्डवाला एका सेकंदात तयार होतो, पण तबला अर्धा सूर उतरवायला त्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी चालवावी लागते आणि ऐन प्रवेशात उतरवलेला सूर पदाच्या मध्यावर पुन्हा सरकतो. तंबोरा वेगळाच. म्हणून ट्रान्सपोजचा फायदा दिसतो त्याच्या निम्माच हाती लागतो. शिवाय चूक भयंकर असते. एका पदासाठी दोन घरं खाली नेलेलं वाद्य परत शून्यावर आणायचं राहिलं, की पुढच्या पदाला सुभद्रा ऐकलेला सूर धरून चुकीच्या पट्टीत सुरू होते आणि तबला दोन घरं वर बोलतो. ऑर्गनवर हा घोटाळा होत नाही. तिथं वादकालाच काळी एक आणि काळी चारवरून सारख्याच सफाईनं वाजवता यावं लागतं. असा वादक नसेल तर ऑर्गन घेऊ नका, हे स्पष्ट सांगायला हवं.

ऑर्गनच्या कटकटी खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. घेताना आधी सगळे स्टॉप (आवाज निवडायचे खुंटे) बंद ठेवून भाता पूर्ण भरा, पाय काढा आणि मोजा. अर्धं मिनिट तरी हवा टिकली पाहिजे. लगेच बसला तर कातडं किंवा कापड फाटलेलं आहे, आणि ते बदलणं म्हणजे आतलं सगळं उघडणं. मग एकेक स्टॉप स्वतंत्र ओढून प्रत्येक पट्टी सावकाश वाजवा. सूर उशिरा उठत असेल किंवा घोगरा येत असेल तर बहुधा सूर देणाऱ्या धातूच्या पत्तीत धूळ अडकलेली असते. पत्ती आकड्यानं ओढून मऊ ब्रशनं झाडली की सुटते. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहत असेल तर खालची झडप नीट बसत नाही: लाकूड फुगलंय, स्प्रिंग मेलीय किंवा मध्ये कचरा आहे. सूर लावणं हे मात्र जाणकाराचंच काम. पत्तीचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि जास्त खरवडलेली पत्ती परत भरून येत नाही. प्रयोगाच्या दिवशी कुणालाही पत्त्यांना हात लावू देऊ नये.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. मुक्कामी ठेवलेल्या ऑर्गनच्या पोटात कमी वॉटचा बल्ब लावून ठेवण्याची जुनी युक्ती चालते, मात्र तो कातड्याला किंवा कापडाला टेकता कामा नये. उंदरांना भात्याचं कातडं आवडतं, म्हणून मागची बाजू बारीक जाळीनं बंद करावी. पायट्यांचे पट्टे ऐन पदात तुटतात. दोन जादा पट्टे आणि ते बसवण्याचं हत्यार पेटीतच ठेवा. पायट्यांची कुरकुर शांत प्रवेशात शेवटच्या रांगेपर्यंत जाते. तिला तेल देऊ नका, तेलावर धूळ बसते. बिजागरीला मेण चोळलं की भागतं.

वजनाचं म्हणाल, तर मोठा, उंच पाठीचा ऑर्गन दौऱ्यावर नेण्याच्या फंदात पडू नये. चार माणसं लागतात, आणि वर पाठ उंच असल्यानं वादकाला नटाचं तोंड दिसत नाही. नटाचा श्वास दिसला नाही तर साथ अर्धी मात्रा मागं राहते. चार सप्तकांचा घडीचा ऑर्गन दोन माणसं उचलतात आणि नाट्यपदाला चार सप्तकं पुष्कळ झाली.

एवढं सगळं वाचल्यावर कीबोर्डच बरा वाटेल. दौरे लांबचे असतील, कलाकार बदलते असतील, तर त्यात चूकही नाही. बरोबर व्हायोलिन किंवा बासरी असेल तरीही कीबोर्ड सोयीचा, कारण तो बारीक सुरानं वरखाली करता येतो. जुना ऑर्गन आजच्या सुरमापापेक्षा (ट्यूनरपेक्षा) थोडा चढा किंवा उतरा असला तर सगळ्यांना त्याच्याकडं यावं लागतं. पण माझ्या मनात तराजू जिथं झुकला ती गोष्ट वजनाची नाही, आवाजाच्या गोडीचीही नाही. ती आहे सूर देण्याची.

संगीत नाटकात पद गद्यातून उगवतं. वाक्य संपत आलं की ऑर्गनचा षड्‌ज हळूच, संवादाच्या खालून, उठतो. नट त्यावर पाय ठेवून पदात शिरतो. ही सगळी क्रिया दोन-तीन सेकंदांची. ऑर्गनवर ती एका माणसाच्या पायात असते. तो आधी भाता भरतो, तो भात्याचा बारीक श्वाससुद्धा नटाला खूण म्हणून पुरतो, आणि सूर नटापासून दहा-पंधरा फुटांवरच्या लाकडातून येतो.

कीबोर्डचा सूर तारेतून प्रेक्षागृहाच्या मागं बसलेल्या ध्वनिसंयोजकाकडं जातो. गद्य चालू असताना घरघर नको म्हणून तो ती वाहिनी खाली ओढून ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण त्याच्यासमोर संहिता नसते, असली तरी नट रोज त्याच शब्दावर थांबेल असं नाही. वाहिनी उघडायला क्षणभर उशीर होतो आणि सुरुवातीचा सूर गिळला जातो. नट अंदाजानं उचलतो, पाव सूर इकडंतिकडं, आणि पहिली ओळ सावरण्यात जाते. बारा पदांत हे तीनदा झालं तरी प्रयोग बसल्यासारखा वाटत नाही.

वाहिनी कायम उघडी ठेवली तरी अडचण उरते. कर्णे प्रेक्षकांकडं तोंड करून असतात. २५ मीटर खोल प्रेक्षागृहात मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज रंगमंचावर पोचायला एक सेकंदाचा साधारण सातवा भाग लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत ही अर्ध्या मात्रेहून जास्त चूक झाली. रंगमंचावर मॉनिटर ठेवावा, तर समोरचे माइक तोच आवाज पकडतात आणि शिट्टी वाजते. मग मॉनिटर कमी केला जातो आणि आपण पुन्हा मूळ पदावर येतो. माझा अनुभव तरी असा, की यावर प्रत्येक नाट्यगृहात नव्यानं तोडगा काढावा लागतो. उत्तम ध्वनिव्यवस्था आणि कायम बरोबर फिरणारा ध्वनिसंयोजक असेल, तर हा आक्षेप बराच बोथट होतो हेही मान्य करतो.

म्हणून पायपेटीवर हात बसलेला वादक असेल आणि प्रयोग मोजके, ठरावीक नाट्यगृहांत असतील, तर मी घडीच्या ऑर्गनकडं बोट दाखवीन. मोठ्या प्रेक्षागृहात त्याला एक माइक द्यावा, पाठीमागच्या बाजूनं वीतभर अंतरावर, पायट्यांपासून शक्य तेवढा वर. तो प्रेक्षकांसाठी. नटाला मूळ आवाजच ऐकू येतो आणि तो कुणी बंद करू शकत नाही.

कीबोर्डच घ्यायचा असेल तर त्याला जमेल तेवढं ऑर्गनसारखं बसवा. वादकाशेजारी त्याचा स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, गुडघ्याच्या उंचीवर, रंगमंचाकडं तोंड करून ठेवा, आणि त्यातूनच एक तार ध्वनिसंयोजकाला द्या. आवाजाचं नियंत्रण पायाच्या पेडलवर घ्या. बोटाच्या जोरानं आवाज वाढण्याची सोय बंद करा. ऑर्गनच्या पट्टीला जोर कळत नाही, आणि ती चालू राहिली तर तानांमध्ये मधले सूर बुडतात. आतला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) काढा. सगळ्यांत महत्त्वाचं: काही वेळ न वाजवल्यास वाद्य आपोआप बंद होण्याची सोय शोधून काढा आणि रद्द करा. बऱ्याच मॉडेलांत ही मुदत अर्ध्या तासाची असते. मध्यंतर आणि त्यानंतरचा गद्य प्रवेश मिळून तेवढा वेळ सहज जातो, आणि पुन्हा चालू केल्यावर ट्रान्सपोज शून्यावर गेलेलं असतं, आवाजही पियानोचा लागलेला असतो.

दोन्ही बाबतींत विंगेत एक हातपेटी असू द्यावी. ऑर्गन असेल तर ती त्याच ऑर्गनशी मिळवून घेतलेली हवी, नुसती सुरमापाशी नव्हे. पट्टा तुटला किंवा वीज गेली, तर उरलेलं पद तिच्यावर पुरं करता येतं आणि तबला उतरवावा लागत नाही.