मदत ५०० रुपयांची, खात्यातून गेले ५९०: उपचारनिधी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचा वापरानंतरचा अनुभव

उपचारासाठी लोकांकडून पैसे गोळा करून देणारी संकेतस्थळे कशी चालतात, हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या जाहिराती प्रत्येकाच्या मोबाईलवर येतात. त्यांपैकी एक मी गेले काही महिने वापरत आहे. हा मजकूर लिहायला निमित्त झाले ते जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या एका निवृत्त शिक्षकांच्या फोनचे: "काय भो, मी पाचशे टाकले, पाचशे नव्वद कसे गेले?"

ज्याच्यासाठी निधी गोळा करत होतो तो माझा मित्र सावद्याचा. स्वतःच्या पिकअपमधून केळीची वाहतूक करतो. घड भरताना त्याचा उजवा हात अधूनमधून लुळा पडायचा, बोलणे अडखळायचे आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत व्हायचे. मुंबईत मेंदूची अँजिओग्राफी झाली तेव्हा मोयामोया या आजाराचे निदान झाले. जपानमध्ये १९५७ साली प्रथम नोंदवल्या गेलेल्या या दुर्मीळ आजारात मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी अरुंद होत जातात आणि तेथे बारीक, नाजूक वाहिन्यांचे जाळे तयार होते. गोळ्यांनी अरुंद झालेली धमनी पुन्हा रुंद होत नाही, म्हणून कानशिलाजवळची त्वचेखालची धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला जोडणारी बायपास शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. दोन्ही बाजू बाधित असल्याने ती दोन टप्प्यांत करायची होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे खरे, परंतु ते संलग्न रुग्णालयात आणि यादीतील उपचारांनाच मिळते, आणि आमचे सर्जन ज्या रुग्णालयात होते ते संलग्न नव्हते.

संकेतस्थळावर पान तयार करणे सोपे होते. आजारांच्या यादीत मोयामोया नसल्यामुळे 'इतर' निवडावे लागले, ते चालले. त्यांच्या प्रतिनिधीने मात्र रुग्णाचा रडवेला फोटो मागितला, तो आम्ही दिला नाही.

आता टिपेविषयी. संकेतस्थळ स्वतःचे शुल्क शून्य असल्याचे मोठ्या अक्षरांत सांगते, आणि देणगीदार रक्कम लिहितो तेव्हा खाली स्वतःसाठी १८ टक्के टिप, म्हणजे देणगीवरची जादा रक्कम, आधीच निवडून ठेवते. ५०० रुपयांवर ती ९० रुपये होते. ती काढण्यासाठी यादी उघडून अगदी शेवटचा 'अन्य रक्कम' हा पर्याय निवडावा लागतो आणि तेथे स्वतः शून्य लिहावे लागते. केळीला भाव नसताना २०० रुपये देणाऱ्या शेतकऱ्याने ३६ रुपयांची टिप कोणाला आणि कशासाठी द्यावी, हा माझा प्रश्न आहे. मी ई-मेलने तो विचारला. "टिप ऐच्छिक आहे" एवढेच उत्तर प्रत्येक वेळी आले. बराच पाठपुरावा केल्यावर गुरुजींचे ९० रुपये परत मिळाले, पण पद्धत बदलली नाही. शेवटी टिप शून्य कशी करायची याच्या सूचना, चित्रांसह, मी व्हॉट्सॲपवरच्या आवाहनातच घातल्या. मित्राच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मेसेजमध्ये आजारापेक्षा टिपच जास्त आहे." त्यांचे म्हणणे चूक नव्हते, तरी त्या सूचना मी काढल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात मी या सेवेला पाचपैकी एक तारा दिला असता. डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक, तपासणी अहवाल, ओळखपत्रे, पुन्हा स्पष्ट प्रत, असा कागदांचा तगादा तेव्हा छळासारखा वाटत होता. पुढे गावात "पैसे नेमके जातात कुठे?" अशी कुजबुज सुरू झाली आणि माझे मत बदलू लागले. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होत होती, जमा झालेला प्रत्येक रुपया पानावर दिसत होता आणि बिलाची प्रत तेथेच लावता येत होती. हिशेब विचारणाऱ्यांना मी फक्त दुवा पाठवत असे. कागद तपासले नसते, तर या हिशेबाला कोणी किंमत दिली नसती.

थेट रुग्णालयात पैसे जाण्याचा दुसरा फायदा भुसावळच्या आमच्या सीएंनी समजावला. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली, तर ती प्राप्तिकरात उत्पन्न म्हणून धरली जाऊ शकते, म्हणून त्यांनी वहिनींचे खाते देऊ दिले नाही. एका आडत्याने ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीसाठी उघडलेल्या अशा पानावर नाही, हे ऐकूनही त्यांनी पैसे दिले.

पुणे-मुंबईत नोकरी करणाऱ्या आमच्या भागातील मुलांपर्यंत आणि परदेशातील ओळखीच्यांपर्यंत पोहोचण्यासाठी हे संकेतस्थळ उपयोगी पडले, एवढे मान्य केले पाहिजे. पहिली शस्त्रक्रिया पार पडली असून हात लुळा पडण्याचे प्रकार थांबले आहेत. आता दुसऱ्या बाजूसाठी तेच पान पुन्हा सुरू करणार आहे, परंतु फक्त बाहेरगावच्या लोकांसाठी. रावेर-यावलच्या माणसांना रुग्णालयाच्या खात्याचा क्रमांक आणि मित्राचा रुग्ण-नोंदणी क्रमांक देईन. पैसे तिकडे भरावेत आणि पावती रुग्णालयाकडूनच घ्यावी.