प्रागची २२ नंबरची ट्राम: संध्याकाळी मोकळं होणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या कामाने प्रागला गेलेल्यांची अडचण ठरलेली असते. मीटिंगा आटपेपर्यंत किल्ल्यातली तिकिटाची दालनं बंद झालेली असतात. मग टूरवाले संध्याकाळचं पॅकेज गळ्यात मारतात. आमच्या टीमने एकदा तेही करून पाहिलं: छत्री उंच धरलेला गाइड पुढे पळतोय आणि आम्ही धापा टाकत मागे. त्यापेक्षा साधी २२ नंबरची ट्राम शंभर पटींनी बरी.

मी राष्ट्रीय नाट्यगृहापासून बसले. उजवीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. व्ल्टावा नदी ओलांडताना त्याच बाजूला चार्ल्स पूल आणि वर किल्ला एकदम समोर येतात. पुढे मालोस्त्रान्स्का स्टॉपनंतर चढ लागतो आणि एका वळणावर ट्राम अशी काही वळते की उभ्या माणसांनी दांडा घट्ट धरलेला बरा. ऑफिस सुटायच्या वेळी गर्दी असते, पाकीट सांभाळा.

तिकिटाचं नीट समजून घ्या. डब्यातल्या मशीनला कार्ड टेकवून घेतलेलं तिकीट लगेच चालू होतं. बाहेरच्या मशीनमधलं कागदी तिकीट मात्र पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. नाहीतर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट.

प्राझ्स्की ह्राद, म्हणजे प्रागचा किल्ला, या स्टॉपवर उतरायचं. दालनं बंद असली तरी किल्ल्याची प्रांगणं रात्री १० पर्यंत खुली असतात, तीही फुकट. लॅपटॉपची बॅग असेल तर तपासणी होऊ शकते, थोडा वेळ धरा.

आत सेंट व्हिटस कॅथेड्रल अंगावरच येतं. बांधकाम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं थेट १९२९ मध्ये! आपले प्रोजेक्ट लांबले म्हणून कुढणाऱ्यांनी तिथे जरूर उभं राहावं. बहुतेक जण समोरच्या दर्शनी भागाचे फोटो काढून परततात, पण तो भाग नंतरचा. उजवीकडून वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला जा. तिथल्या सोनेरी दरवाजावर चौदाव्या शतकातलं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र आहे, अंतिम न्यायाचं: ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे जगाच्या शेवटी देव सगळ्यांच्या पापपुण्याचा निवाडा करतो, तो प्रसंग. डावीकडे मेलेली माणसं थडग्यांतून उठताहेत, उजवीकडे सैतान पाप्यांना ओढून नेताहेत, आणि खाली चौथा कार्ल राजा राणीसह हात जोडून गुडघे टेकून बसलाय. ज्याने हे करवून घेतलं तोच! मला त्याचा हिशेबीपणा आवडला. मान दुखेपर्यंत बघत होते, कुणी घाई करायला नव्हतं.

परतताना ट्राम नको, नेरुदोवा रस्त्याने उतरा. १७७० मध्ये घरांना नंबर मिळाले, त्याआधी ती दारावरच्या चिन्हांनी ओळखली जात. तीन व्हायोलिन, दोन सूर्य अशी चिन्हं अजून आहेत. रस्ता दगडी आणि उताराचा, त्यामुळे ऑफिसचे टाचेचे बूट घालून गेलात तर पाय शिव्या देतील. खाली मालोस्त्रान्स्के चौकात हीच २२ परत मिळते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गर्दीचा कापला. मोझेकसाठी दुर्बीण जवळ असेल तर न्याच.