वंशावळीची साइट, नऊ महिने वापरून: सगळं ठीक, पण तो काउंटीचा रकाना!

तीन महिन्यांपूर्वी सकाळी चहाआधी फोन उघडला तर लेकीचा शार्लटहून निरोप: "बाबा, तुमच्या खापरपणजोबांनी परत 149 डॉलर खाल्ले." खापरपणजोबा माझे नव्हेत, जावयाचे. कार्ड लेकीचं. नाद माझा. सहा महिन्यांची वर्गणी संपल्यावर आपोआप पुढची कापली जाते हे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असणार, मी वाचलं नाही. आयुष्यभर लोकांना "खरेदीखत नीट वाचून सही करा" असं सांगत आलेला माणूस मी.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पैशाचं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. घराण्याचं झाड कसं बांधायचं, 'हा तुमचा पूर्वज असेल' अशा सूचना कशा येतात, डीएनएचं किट काय असतं, हे ज्यांना हवं त्यांना शंभर ठिकाणी मिळेल. मी नऊ महिन्यांत काय भोगलं आणि काय मिळालं तेवढंच लिहितो.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार. गेल्या वर्षी आम्ही दोघं सहा महिने लेकीकडे नॉर्थ कॅरोलिनात होतो. हिला नातवंडं होती, मला काहीच काम नव्हतं. जावयाच्या आईने एकदा जेवताना सांगितलं की त्यांचे लोक आयर्लंडच्या अल्स्टर भागातून पेनसिल्व्हेनियात आले आणि तिथून 'ग्रेट वॅगन रोड'ने खाली कॅरोलिनात उतरले, अमेरिकेच्या क्रांतीच्या आधी. पुरावा काय, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आमच्यात सगळे असंच सांगतात." आता हे वाक्य मी एकतीस वर्षं बांधावर उभं राहून ऐकलेलं आहे. तिसऱ्या दिवशी वर्गणी भरली.

पहिले दोन आठवडे माणूस वेडा होतो, हे कबूल करतो. जावयाच्या आजोबांचं नाव टाकलं आणि चौदा मिनिटांत साइटने मला 1850 सालात नेऊन सोडलं. कारण सोपं आहे: 1850 च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला लागले. 1890 ची जवळजवळ सगळी कागदपत्रं 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे गेली, तो एक खड्डा ओलांडायचा. पण 1850 च्या मागे फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि पुढे वयोगटाच्या रकान्यांत आकडे. दहा वर्षांखालचे मुलगे तीन, अमुक वयाच्या बायका दोन. बायकोचं नाव नाही, पोरांची नाहीत. इथे साइटचा वेग संपतो आणि सूचनांचा पाऊस सुरू होतो. माझ्याकडे 214 सूचना जमल्या होत्या. त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांच्या झाडांवरून उचललेल्या, आणि त्या दुसऱ्यांनी तिसऱ्याच्या झाडावरून. फेरफार क्रमांक नाही, साक्षीदार नाही, सही नाही, तरी सातबाऱ्यावर नाव चढलेलं. आमच्या खात्यात असं केलं असतं तर निलंबनच.

पण ते मी सहन केलं असतं. माझं डोकं फिरलं ते काउंटीच्या रकान्यावरून.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण आकाराने तालुक्यासारखा. नॉर्थ कॅरोलिनाच्या या भागात वस्ती वाढेल तशा काउंट्या फुटत गेल्या. 1750 मध्ये ब्लेडनमधून अँसन निघाली, 1753 मध्ये अँसनमधून रोवन. मग रोवनचेच तुकडे: 1771 मध्ये सरी, 1777 मध्ये बर्क, 1788 मध्ये आयरडेल, 1822 मध्ये डेव्हिडसन, 1836 मध्ये डेव्ही. म्हणजे एखादा माणूस आपल्या ओढ्याकाठच्या जमिनीवरून तसूभर न हलता आयुष्यात दोन-तीन काउंट्यांत राहून मरतो. आपल्याकडे 1981 साली सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा सावंतवाडीचा माणूस काही ट्रंक भरून कुठे गेला नाही.

ही साइट काय करते? तुम्ही गावाचं नाव टाकायला लागलात की ती आजची काउंटी आपोआप भरते. साल कुठलंही असो. जावयाच्या घराण्याची जमीन आज डेव्ही काउंटीत आहे, म्हणून 1761 सालचा माणूसही डेव्हीत! डेव्ही जन्माला यायला पंचाहत्तर वर्षं बाकी. मी हाताने "रोवन" केलं, तर पुढच्या पिढीला 1836 नंतर "डेव्ही" लागलं, आणि साइटने नकाशावर रोवनच्या सॉल्सबरीपासून डेव्हीच्या मॉक्सव्हिलपर्यंत छान निळा बाण काढून खाली लिहिलं, कुटुंबाचं स्थलांतर. अर्ध्या तासाचं अंतर. कुणी कुठे गेलं नव्हतं. सरकारने रेघ ओढली होती.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी किती ओरडता. त्यांच्यासाठी सांगतो. या रकान्यावर विसंबून मी जावयाला एक दिवसाची रजा काढायला लावली आणि आम्ही मॉक्सव्हिलच्या कचेरीत गेलो. डबा घेऊन. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, 1836 च्या आधीचं हवं असेल तर सॉल्सबरीला जा. काउंटी फुटली तरी जुनं दप्तर मूळ काउंटीतच राहतं. हे मला, मला कळायला नको? लाज वाटली. त्यांनीच सांगितलं की डॅनियल बून या प्रसिद्ध जंगलवाटाड्याच्या आईवडिलांची थडगी इथे जवळच जोपा दफनभूमीत आहेत. म्हटलं, आलोच आहोत तर बघू. वडील स्क्वायर बून 1765 मध्ये वारले. म्हणजे थडगं डेव्हीत आणि मरण रोवनमध्ये, जागा तीच. घरी येऊन साइटवर पाहिलं, लोकांच्या झाडांमध्ये त्यांचाही मृत्यू बिनदिक्कत डेव्ही काउंटीत.

त्या रात्री मी एक तारा देऊन परीक्षण लिहायला घेतलं होतं. बरं झालं पाठवलं नाही.

कारण दुसऱ्या आठवड्यात सॉल्सबरीला आणि मग रालेच्या राज्य अभिलेखागारात गेलो, आणि जमिनीचे कागद हातात आले. इथून मत बदललं, निदान अर्धं.

नॉर्थ कॅरोलिनाचा उत्तरेकडचा अर्धा भाग त्या काळी लॉर्ड ग्रॅनव्हिल नावाच्या एका इंग्रज उमरावाच्या मालकीचा होता. तो स्वतः कधी तिकडे फिरकला नाही. त्याची माणसं जमीन देत आणि वार्षिक सारा गोळा करत. (सारा बुडवण्याचे किस्से ऐकून मला तर घरीच असल्यासारखं वाटलं.) आधी अर्ज, मग मोजणीचा हुकूम, मग मोजणी आणि टिपण, मग करार. आपल्याकडची कागदांची साखळी जशी, तशीच. या कागदांच्या पुडक्याला तिथले लोक 'शक' म्हणतात, म्हणजे मक्याच्या कणसावरची सालं. सोलत जायचं.

जावयाच्या पूर्वजाचं 1761 चं टिपण मी पाहिलं तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला. ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, पूर्वेला 320 पोल हिकरीच्या झाडापर्यंत, उत्तरेला 160 पोल एका खुंटापर्यंत, पश्चिमेला 320, मग दक्षिणेला सुरुवातीच्या झाडाशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपली मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे बरोबर दोन पोल. चार चौरस पोल म्हणजे एक गुंठा! 160 चौरस पोलांचा एकर, आपला 40 गुंठ्यांचा एकर, हिशेब चोख. इंग्रज दोन्हीकडे एकच फूटपट्टी घेऊन गेला होता. मी तिथेच पेन्सिलीने मांडलं: 320 एकर, 12,800 गुंठे. शेजारच्या टेबलावरच्या आजी माझ्याकडे बघत होत्या.

घरी आलेखाच्या कागदावर काढलं. दस्ताच्या वहीतल्या नकलेप्रमाणे शेवटची बाजू 140 पोल निघाली आणि आकृती मिळेना. वीस पोल उघडी, म्हणजे 330 फूट. दोन दिवस झोप नाही. मग मूळ टिपण पुन्हा बघितलं: 160. कारकुनाने नक्कल करताना चूक केली होती. हेही अगदी घरच्यासारखं.

टिपणाच्या खाली साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात, शपथ घेतलेले साखळीवाले. हे बहुधा घरचे नाहीतर शेजारचे. त्यातलं एक नाव अक्षरशः जमीन घेणाऱ्याचंच! म्हणजे 1761 मध्ये त्या ओढ्यावर एकाच नावाची दोन मोठी माणसं होती, एक जमीन घेतोय आणि दुसरा त्याची साखळी ओढतोय. साइटवरच्या अकरा झाडांनी या दोघांचा एक माणूस करून टाकला होता, दोन बायका आणि एकोणीस मुलांसकट. नंतरच्या कागदांत 'सीनियर' आणि 'ज्युनियर' येतं, पण तेव्हा त्याचा अर्थ बाप-लेक असाच नव्हता. गावातला मोठा आणि धाकटा, एवढंच. आमच्याकडचे थोरला शंकर, धाकटा शंकर.

ग्रॅनव्हिल 1763 मध्ये वारला आणि त्याची जमिनीची कचेरी बंद पडली. नवीन राज्याने जमिनी द्यायला सुरुवात केली ती 1778 मध्ये. मधली पंधरा वर्षं त्या भागात पडीक जमीन कुणाला कायदेशीर मिळालीच नाही, लोक नुसते बसले, नांगरलं, पेरलं. या काळात कागद नाही म्हणून साइट मला सुचवत होती की माणूस व्हर्जिनियात गेला असावा. अहो, तो तिथेच आहे, कचेरी बंद आहे!

आता चांगलं ते सांगतो. क्रांतियुद्धात लढलेल्यांना 1832 च्या कायद्याने पेन्शन मिळालं आणि त्यासाठी म्हाताऱ्यांना कोर्टात जन्म कुठे झाला, कुणाच्या हाताखाली लढलो, ते सगळं सांगावं लागे. एकाच नावाच्या त्या दोघांतल्या धाकट्याचा अर्ज या साइटवर मला रात्री अकरा वाजता पायजम्यात मिळाला. जन्म पेनसिल्व्हेनिया, असं त्याच्याच तोंडचं. जावयाची आई वाचताना रडली. "सगळे असंच सांगतात" हे खरं निघालं, त्याचं श्रेय साइटला द्यावंच लागेल. चित्रं स्वच्छ दिसतात, मोठी करता येतात. विवाहाची जामीनपत्रंही (लग्नाआधी नवऱ्याने जामीनदारासह द्यायची हमी) चांगली शोधता येतात. जामीन राहणारा पुष्कळदा नवरीचा भाऊ नाहीतर बाप असतो, तेवढ्यावरून माहेर लागू शकतं.

पण त्याच आठवड्यात फॅमिलीसर्च ही फुकटची साइट कळली. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची आहे. 2024 पासून तिथे जुन्या हस्ताक्षरातले जमिनीचे आणि वारसाचे कागद यंत्राने वाचून शब्दाने शोधता येतात, म्हणजे सूचीत नसलेला साक्षीदार, शेजारी, साखळीवाला, सगळे सापडतात. ओढ्याचं नाव टाकलं की ओढ्यावरचे सगळे शेजारी हजर. 149 डॉलर भरल्यावर कळलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. 1850 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. जावयाच्या पूर्वजाच्या नावाखाली पाच ओळी: वय, लिंग, रंग. नावं नाहीत. यादी साइटवर आहे, पण तिची सूचना मला एकदाही आली नाही, मीच शोधली. त्या पूर्वजाच्या बापाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत मात्र नावं आहेत, फक्त पहिली, घोडा आणि नांगर यांच्या मध्ये, पुढे किंमत. जावई बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, बाबा, यांचं पण झाड करूया. गुलामगिरी संपल्यावर 1866 च्या कायद्याने तिथल्या मुक्त झालेल्या जोडप्यांना आपलं लग्न काउंटीत नोंदवता आलं, आणि 1870 च्या जनगणनेत नाव-आडनावासकट माणसं येतात. तिथून मागे यायचा प्रयत्न चालू आहे. एक बाई बहुधा जुळते. बहुधाच.

पैशाचं काय झालं? साताऱ्यात परत आल्यावर रात्री साडेदहाला त्यांच्या मदतकक्षाशी टायपिंग करत बसायचो. आधी यंत्र बोलायचं, मग माणूस, मग दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून. मी एकूण सात वेळा लिहिलं. निम्मे पैसे परत द्यायचं कबूल केलंय, अजून जमा नाहीत. काउंटीच्या रकान्याबद्दल मी सालांसकट एक टिपण करून पाठवलं, त्याला उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

माझा सल्ला विचाराल तर आधी फुकटच्या साइटवर सगळं उपसा, मग एक महिन्याची वर्गणी घ्या, त्याच दिवशी आपोआप कापणं बंद करा आणि महिनाभर दुसरं काही करू नका. दक्षिणेतलं घराणं असेल तर आधी काउंट्या कधी फुटल्या त्याचा तक्ता भिंतीवर लावा. पाचातले तीन तारे. एक 149 डॉलरचा कापला, एक तुम्हाला माहीत आहे कशाचा.

वर्गणी आता बंद केली आहे, मेल येतच असतात. परवा आला: तुमच्यासाठी 38 नव्या सूचना. पहिली उघडली. जन्म 1758, डेव्ही काउंटी.