नाइट ड्यूटीसाठी मोडाफिनिल, झोपेसाठी मेलाटोनिन: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

मी मेडिसिनची रेसिडेंट, पुण्यात. पावसाळ्यापासून नाइटच्या आठवड्यात मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) १०० एमजी घेतेय, सायकॅट्रीच्या मॅडमनी लिहून दिलेली, आणि सकाळी झोपायच्या आधी मेलाटोनिन ३ एमजी. ज्युनिअर्स सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते.

जागं ठेवते का? हो, ठेवते. जास्त कॉफी झाली की होते तशी थरथर मला झाली नाही, पहाटे चारला डोळे मिटत नाहीत. पण डोळे उघडे आहेत म्हणजे डोकं ताजं आहे असं अजिबात नाही, इन्सुलिनचा डोस काढताना मी अजूनही दोनदा हिशोब करते आणि सिस्टरांना दाखवून मगच देते. हाफ-लाइफ (औषध शरीरात निम्मं व्हायला लागणारा वेळ) १२ ते १५ तास, म्हणजे रात्री नऊला घेतली तरी सकाळी निम्मी अंगात असतेच, मध्यरात्रीनंतर घेतली तर दिवसाची झोप गेलीच समजा. डोकं दुखतं, भूक मरते, डबा अर्धा तसाच राहतो.

मुलींनो, हे नीट वाचा. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मोडाफिनिल कमी करते, बंद केल्यावरही महिनाभर, आणि आपण डॉक्टर असूनही हे एकमेकींना सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद करून दाखवा, स्टीव्हन्स-जॉन्सन (औषधामुळे त्वचा सोलवटणारा गंभीर आजार) रेअर आहे पण होतो.

मेलाटोनिनचा फायदा थोडाच. त्यापेक्षा खिडकीला जाड काळे पडदे लावले तेव्हा जास्त फरक पडला, फक्त गणपतीच्या आधी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की संध्याकाळची झोप संपली.

झोल्पिडेम ही झोपेची गोळी मी घेत नाही. काही जण एकमेकांच्या स्ट्रिपमधून घेतात, प्लीज नका घेऊ, झोपेत चालणं, गाडी चालवणं असले प्रकार होतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक संस्थेनं) २०१९ मध्ये सगळ्यात कडक वॉर्निंग लावलीय आणि बायकांचा डोस तर २०१३ मध्येच १० वरून ५ एमजीवर आणलाय.

खरं सांगू, सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तीनच्या सुमाराला वीस मिनिटं आडवं होण्याचा, को-रेसिडेंटशी ठरवून, तो फोन सांभाळतो मग मी सांभाळते. पोस्ट-नाइट स्कूटी चालवत नाही, रिक्षानंच जाते.

केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सीच्या नियमांत सलग ड्यूटी सहसा १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत, आमच्या रोस्टरला ते माहीतच नाही. ते बदलेपर्यंत मोडाफिनिल घ्यायचीच असेल तर सायकॅट्री ओपीडीत रीतसर केसपेपर काढून घ्या, बीपी तपासून घ्या, आणि ऑफच्या दिवशी घेऊ नका.