बदामाची पानं: पाकिटातली आणि बिल्डिंगखालची

क्रॉफर्ड मार्केटातल्या एका दुकानातून मी एकशे चाळीस रुपयांना दहा पानांचं पाकीट आणलं. सुकलेली बदामाची पानं, माशांच्या टाकीत टाकायची. मुलुंडला घरी पोचले तर आमचा वॉचमन खराट्याने तीच पानं गोळा करत होता, पोतं भरून. मी हातातली पिशवी हळूच पर्समध्ये सारली.

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि पंचवीस लिटरची टाकी, त्यातल्या निळ्या फायटर माशासकट, माझ्या गळ्यात पडली. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं असिस्टंट होते, त्यामुळे कुठल्याही पाण्यात काहीही टाकण्याआधी मोजायची खोड आहे.

आधी पाकिटाबद्दल. पानं उत्तम आहेत. वीतभर लांब, सगळी तपकिरी, एकही किडकं किंवा बुरशीचा डाग असलेलं नाही. लेबल मात्र नुसतं बोलघेवडं. ‘आजार बरे करते, रंग खुलवते, १००% नैसर्गिक.’ नैसर्गिक तर कण्हेरही असते! तिचं एक पान टाकीत टाकून बघा म्हणावं. किती लिटरला किती पानं, कुठल्या माशांना चालतात, कुठल्यांना नाही, यातलं एक अक्षर नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, दवाई है, कितना भी डालो.”

तेवढं त्याचं ऐकायला नको होतं. फायटरच्या टाकीत एक पान टाकलं ते ठीक, पण शेजारच्या छोट्या टाकीत, जिथे सात गप्पी आहेत, तिथे चार टाकली. टाकी जेमतेम बारा लिटरची. चौथ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि सकाळी सगळ्या गप्पी वर येऊन तोंडं उघडत होत्या. पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा सांगणारा आकडा (जितका खाली तितकं पाणी आम्ल), ७.४ वरून ६.३ वर. दोन गेल्या. बाकीच्या पाणी थोडं थोडं बदलून आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवून वाचल्या.

झालं काय, ते नंतर ध्यानात आलं. पानातून टॅनिन नावाचं तुरट द्रव्य सुटतं, ते आम्लधर्मी. आपल्या मुंबईत नळाला येतं ते भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणजे मुळात पावसाचं मृदू पाणी. त्यात आम्लाला थोपवणारे क्षार कमी, म्हणून पीएच भराभर घसरतो. ज्यांच्या सोसायटीत बोअरिंगचं जड पाणी येतं त्यांना तेवढ्याच पानांनी फक्त रंग दिसेल, आकडा फारसा हलणार नाही. शिवाय पान कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. फायटरचं एक बरं असतं, तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, आणि मूळचा थायलंडकडच्या उथळ, पालापाचोळ्याच्या पाण्यातला. त्याला हे सगळं माहेरासारखं. गप्पींना उलट जडसर, किंचित अल्कलीच पाणी मानवतं. माझीच चूक, पण लेबलावर एक ओळ असती तर झाली नसती.

‘आजार बरे करते’ हेही जपूनच घ्यायचं. पानाच्या अर्काने काही जिवाणू, बुरशी दबते हे प्रयोगात दिसलेलं आहे, पण टाकीत तरंगणारं एक पान म्हणजे औषधाचा डोस नव्हे. पंख सडायला लागला तर पान टाकून वाट बघत बसू नका.

मग राहवेना, म्हणून दोन बादल्या घेतल्या. दोन्हींत पाच पाच लिटर पाणी. एकीत पाकिटातलं पान, दुसरीत बिल्डिंगखालचं. सहाव्या दिवशी रंग सारखा, पीएचमध्ये फरक फक्त ०.१ चा. म्हणजे पान तेच! फरक आहे तो धुण्याचा. खालचं पान धुतलं तेव्हा पहिलं पाणी काळं निघालं, एलबीएस रोडचा धूर दुसरं काय. आणि पावसाळ्यात सोसायटी डासांसाठी धुरी मारते. त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माशांना अगदी कणभरही पुरतं, ते धुऊन पूर्ण जाईल याचा भरवसा मला तरी वाटत नाही. म्हणून खालची पानं टाकीपर्यंत पोचली नाहीत. पैसे मोजायचे तर या स्वच्छतेचे, आणि तीही दुकानदाराच्या शब्दावर, कारण पानं कुठून आणली ते पाकिटावर नाहीच.

आता माझी पद्धत: झाडाने आपणहून टाकलेलंच पान घ्यायचं. गळण्याआधी झाड पानातलं खाद्य काढून घेतं, मागे उरतो तो चोथा आणि टॅनिन. हिरवं तोडलं तर आतली साखर आणि चीक पाण्यात उतरून नुसतं सडतं. उकळत बसत नाही, टॅनिनच निघून जातं. कढत पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवते. पंचवीस लिटरला एक पान, तेही आधी अर्धं. तीन दिवसांत ते बुडतं, त्यावर पांढुरका चिकट थर येतो. बघून घाबरले होते, पण तो निरुपद्रवी, कोळंबी असती तर तिने चाटून खाल्ला असता. महिन्याभराने जाळी उरली की काढायचं. चहाचा रंग डोळ्यांना नको असेल तर फिल्टरमध्ये कार्बन टाका, दोन दिवसांत उतरतो.

पाच पैकी तीन तारे. पानांना चार दिले असते, लेबलाने एक खाल्ला.

पाकिटात अजून तीन पानं आहेत, ती संपवेन. पुढची अलिबागहून. ताईच्या परसात बदाम आहे, रस्ता लांब आणि फवारणी कधी नाहीच. फोनवर मागितली तर हसायलाच लागली. “पोतं घेऊन ये गं,” म्हणाली, “नाहीतरी आम्ही बंबातच घालतो.”